दीडशे मीटरवरची मोजणी

रविवारी सकाळी साडेआठ वाजता खाणीची केज जमिनीखाली दीडशे मीटरवर थांबली. थांबवायला आम्हीच सांगितलं होतं.

केज म्हणजे माणसं आणि सामान वर-खाली नेणारा लोखंडी पिंजरा. दोन बाजूंना पत्रा, दोन बाजूंना जाळी. आत आम्ही चौघं होतो. फिजिक्स शिकवणाऱ्या लांजेवार मॅडम, आणि बीएस्सीच्या शेवटच्या वर्षातले आम्ही तिघं : करुणा गजभिये, तेजराम बोपचे आणि मी, रहांगडाले. मधोमध आमचा डिटेक्टर. काळ्या टेपने गच्च गुंडाळलेल्या प्लॅस्टिकच्या दोन पाट्या, एकीखाली एक, लोखंडी पट्ट्यांच्या स्टँडवर तिरक्या बसवलेल्या. आकाशातून येणारा म्युऑन नावाचा कण दोन्ही पाट्यांतून आरपार गेला की दोन्हींत एकाच क्षणी बारीकसा उजेड पडतो, यंत्र ‘टिक’ करतं आणि आकडा एकाने पुढे सरकतो. कॉलेजच्या गच्चीवर हा डिटेक्टर पत्र्यावर गारा पडाव्यात तसा वाजायचा. दीडशे मीटर दगडाखाली दोन टिकांच्या मध्ये तेजरामची एक गोष्ट सांगून व्हायची.

खाण मॅंगनीजची. सातपुड्याच्या पायथ्याशी, आमच्या कॉलेजपासून मोटरसायकलने अर्ध्या तासावर. रविवारी तिथे काम बंद असायचं, फक्त तळाचा पाण्याचा पंप चालायचा. मॅडमनी दोन वर्षं पत्रं लिहून, व्यवस्थापकांच्या खोलीबाहेर बसून, रविवारच्या सकाळी केज वापरायची परवानगी मिळवली होती. जसजसं खाली जावं तसतसे म्युऑन किती कमी होतात, ते मोजायचं. खाणीत ठरावीक खोलीवरच बोगदे होते. मधल्या खोलीवर मोजायचं तर केज शाफ्टमध्ये, म्हणजे खाणीच्या उभ्या विहिरीत, अधांतरी थांबवायची, एवढा एकच मार्ग होता.

नियमाप्रमाणे केजमध्ये खाणीचा घंटीवाला पाहिजे. डोमाजी उईके आमच्यासोबत होताही. पण त्या दिवशी पंपाकडे दुसरं कोणी नव्हतं. आम्ही आधी तळाच्या बोगद्यापर्यंत गेलो, डोमाजी तिथे उतरला. मॅडमना म्हणाला, “घंटी तुमाले माझ्याहून चांगली देता येते आता. जा तुमी. मी आहोच इथं.” मॅडमनी तार ओढली, वर घंटी वाजली, केज उचलली गेली. वर केज ओढणाऱ्या इंजिनघरातल्या टेंभरेने दोराच्या ड्रमवर दीडशे मीटरची खूण खडूने करून ठेवली होती. खुणेवर ड्रम थांबला आणि केज थांबली.

“आता एक तास,” मॅडम म्हणाल्या. “साडेनऊला वर. सव्वादहाला मी गाडीत.”

त्या दिवशी दुपारी तीनला नागपूरला त्यांची मुलाखत होती. आमच्या संस्थेत पूर्णवेळ प्राध्यापकाची जागा निघाली होती. मॅडम आठ वर्षं तासिका तत्त्वावर शिकवत होत्या. म्हणजे दर जूनमध्ये नवा अर्ज, दर मार्चमध्ये काम संपलं. फिजिक्सची ही एक जागा गेली की पुढची कोणीतरी निवृत्त होईपर्यंत नाही, आणि निवृत्तीला सगळ्यांत जवळ असलेले सर चव्वेचाळीस वर्षांचे होते. मुलाखतीला येणारे तज्ज्ञ रविवारीच मोकळे असतात. केजही रविवारीच मोकळी असते. पुढच्या आठवड्यापासून शाफ्टचा दोर बदलायचा होता, काम किती महिने चालेल ते कोणी सांगत नव्हतं, आणि आमची परीक्षा तोंडावर होती. आमच्या आलेखात दीडशे मीटरची जागा रिकामी होती. मॅडमनी ठरवलं, सकाळी मोजू, दुपारी मुलाखत. वर शाफ्टच्या तोंडाशी त्यांचे मिस्टर मित्राची गाडी घेऊन थांबले होते. मागच्या सीटवर इस्त्रीची साडी आणि प्रमाणपत्रांची फाइल.

पहिला तास नेहमीसारखा गेला. टोपीवरच्या दिव्यांच्या उजेडात करुणा वेळ बघत होती, मी आकडे सांगत होतो, तेजराम बोलत होता. त्याला खाली यायला आवडायचं नाही. केज हलायला लागली की तो बोलायला लागायचा आणि वर येईपर्यंत थांबायचा नाही. करुणा त्याला म्हणाली, “तू म्युऑन असतास ना, तर पहिल्या मीटरलाच थांबला असतास.”

“थांबलोच असतो,” तो म्हणाला. “म्युऑनले कामं नाहीत. मले आहेत.”

करुणाने मॅडमना विचारलं की मुलाखतीत फिजिक्समधलं काय विचारतात. मॅडम म्हणाल्या, मागच्या वेळी विचारलं होतं की मिस्टर काय करतात, आणि बदली झाली तर घरचे पाठवतील का. मग त्यांनी उलट आम्हालाच विचारायला घेतलं. तासाभरात अमुक टिका झाल्या तर त्यात चूक कितीची धरायची? चूक निम्मी करायची तर किती वेळ मोजावं लागेल? दुप्पट, तेजराम म्हणाला. चौपट, करुणा म्हणाली. मॅडमनी तेजरामला त्याचं कारण सांगायला लावलं आणि त्याला ते सांगता येईपर्यंत सोडलं नाही. वर्गातही त्यांचं असंच असायचं. बरोबर उत्तर देणाऱ्याला त्या पुढे जाऊ द्यायच्या, चुकलेल्यापाशी थांबायच्या.

तास भरला. मॅडमनी आकडा लिहून घेतला आणि घंटीची तार ओढली. आधी तीनदा, म्हणजे आत माणसं आहेत. मग एकदा, म्हणजे वर घ्या.

तार सैल लागली. ओढली तशी हातभर खाली आली आणि तशीच लोंबत राहिली. वर काही वाजल्याचं ऐकू आलं नाही. मॅडमनी पुन्हा ओढली. तिसऱ्यांदा त्यांनी ती दोन्ही हातांनी ओढली, मग माझ्या हातात दिली. मी ओढली. तारेच्या पलीकडे काही नव्हतं.

“टेंभरेभाऊ चहाले गेले असतील,” तेजराम म्हणाला.

इंजिनघर सोडून टेंभरे कुठे जात नाही, हे आम्हा चौघांनाही माहीत होतं. आणखी एक गोष्ट माहीत होती.

डिसेंबरमध्ये आम्ही वरच्या एका बोगद्याच्या खाली मोजत होतो, तेव्हा टेंभरेने आम्हाला न विचारता मध्येच वर ओढून घेतलं होतं. बराच वेळ घंटी नाही, म्हणून त्याच्या मनात भलतंसलतं आलं होतं. त्या दिवसाची मोजणी वाया गेली. मॅडम तशाच धुळीच्या कपड्यांत व्यवस्थापकांकडे गेल्या होत्या. मी घंटी दिल्याशिवाय केज हलवायची नाही, कितीही वेळ लागला तरी, असा लेखी हुकूम त्यांनी काढून घेतला होता. तो कागद इंजिनघरात टेंभरेच्या डोळ्यांसमोर चिकटवलेला होता. मॅडमनी तो लॅमिनेट करून दिला होता.

करुणानेच शेवटी विचारलं, “मॅडम, घंटी नाही वाजली तर वरचे काय समजतील?”

“मोजतोय असं समजतील,” मॅडम म्हणाल्या.

आम्ही ओरडलो. आधी एकेक जण, मग एक-दोन-तीन म्हणून सगळे मिळून. शाफ्टमध्ये आवाज वर जात नाही. तो भिंतींवर आपटत राहतो आणि आपल्याच कानात परत येतो. खालून पंपाचा घरघराट येत होता, त्यात डोमाजीला काही ऐकू जाणं शक्य नव्हतं. मी दगडाने पत्रा बडवला. मोबाइलला रेंज नव्हती, ती कधीच नसायची. जाळीतून हात बाहेर काढून मॅडमनी तार हलवून पाहिली. दिवा वर धरला तर थोड्या उंचीपर्यंत ओल्या दगडाची भिंत दिसायची, त्यापुढे काही नाही.

अकराच्या सुमारास तेजराम गप्प झाला. ते आधी करुणाच्या लक्षात आलं. तो जाळीला पाठ लावून उभा होता, दोन्ही हातांनी जाळी धरलेली, आणि तोंडाने श्वास घेत होता. दोर तुटला तर काय होते, असं त्याने विचारलं. कोणाला विचारलं ते कळलं नाही. मग म्हणाला, हवा कमी होऊन राहिली. हवा कमी होत नव्हती. शाफ्ट वर उघडा होता, वारा लागत होता. पण त्याच्या कपाळावर घाम होता आणि त्याचे हात जाळीवरून सुटत नव्हते.

मॅडम त्याच्याजवळ गेल्या नाहीत. त्या डिटेक्टरजवळ बसल्या, आकडा शून्यावर आणला आणि म्हणाल्या, “बोपचे, इकडे ये. रहांगडालेचे डोळे थकलेत. आता आकडा तू सांगायचा. प्रत्येक टिकेला वेळ. करुणा लिहील.”

“मॅडम, आता कायले मोजता?”

“ये म्हटलं ना.”

तो जाळी सोडून खाली बसला. पहिली टिक यायला वेळ लागला. त्याने वेळ सांगितली, करुणाने लिहिली. दुसरी टिक आली. दहा-बारा टिकांनंतर त्याचा श्वास नाकातून यायला लागला. मॅडम त्याला मध्ये मध्ये विचारत होत्या, आता सरासरी किती? या दोन टिकांत एवढं अंतर का? एवढं अंतर पडणं कितपत शक्य आहे? तो तोंडी हिशेब करून सांगत होता. चुकत होता, पुन्हा सांगत होता. मध्येच म्हणाला, “म्युऑनले एवढ्या दगडातून रस्ता भेटते मॅडम, आपल्याले उघड्या शाफ्टातून नाही भेटत.” करुणा हसली. पेन्सिल तिने मांडीवर दाबून धरली होती. हे मी पाहिलं.

साडेअकरा वाजले, बारा वाजले. नागपूरचा रस्ता अडीच तासांचा, तोही मधलं फाटक उघडं मिळालं तर. मॅडम घड्याळाकडे बघत नव्हत्या. वेळ सांगायचं काम तेजरामचं होतं, त्यामुळे दर टिकेला किती वाजले ते त्यांना ऐकावंच लागत होतं.

केजच्या बाजूला, लाकडी फळ्यांच्या पलीकडे, शाफ्टला लागून शिड्या होत्या. संकटात बाहेर पडायला ठेवलेल्या. एक फळी निखळलेली होती, तिथून माणूस वाकून जाऊ शकला असता. मी मॅडमना म्हणालो, मी चढतो. दीडशे मीटर आहे, पण मधल्या बोगद्यांवर थांबून थांबून जाईन. अर्ध्या तासात वर पोचतो. तुम्ही साडेबाराला निघालात तरी तीनपर्यंत पोचाल.

त्यांनी फळीच्या फटीतून दिवा मारला. शिडीच्या पायऱ्यांवरून पाणी ओघळत होतं. जिथपर्यंत दिसत होतं तिथे एक पायरी नव्हती.

त्या बराच वेळ तिकडे बघत राहिल्या. मला वाटलं होतं, लगेच नाही म्हणतील. त्या विचार करत होत्या.

“एकच पायरी नाही, मॅडम,” मी म्हणालो.

“दिसत असलेल्यांतली एक,” त्या म्हणाल्या. “खाली बस.”

“पण तुमची—”

“रहांगडाले. बस.”

मी बसलो. करुणाने पुढची वेळ लिहिली. एक वाजला. करुणाला लघवीला जायचं होतं. आम्ही दोघांनी तोंडं फिरवली, दिवे विझवले आणि मॅडम तिच्यासमोर कोट धरून उभ्या राहिल्या. त्या अंधारातसुद्धा तेजरामने एक टिक ऐकली आणि आकडा सांगितला.

दोननंतर केव्हातरी पंप थांबला. डोमाजीचं काम संपलं होतं. घरघराट बंद झाल्यावर जी शांतता पडली तिच्यात आम्ही चौघं एकदम ओरडलो, आणि या वेळी खालून उत्तर आलं. “काय झालं बाप्पा?” डोमाजी विचारत होता. मी सांगितलं, घंटी तुटली, वर कळव. बोगद्यात टेलिफोन होता. थोड्या वेळाने केजला हिसका बसला आणि भिंत खाली सरकायला लागली. मॅडमनी मोजणी थांबवली, शेवटचा आकडा लिहून त्याखाली रेघ मारली आणि पाट्यांचा वीजपुरवठा बंद केला.

वर आलो तेव्हा उन्हाने काही दिसेना. शाफ्टच्या तोंडाशी टेंभरे होता, चार-पाच माणसं होती. थोडे मागे मॅडमचे मिस्टर, विजयसर. ते गावच्या हायस्कुलात मराठी शिकवायचे, मलाही त्यांनी शिकवलं होतं. त्यांच्या एका हातात हँगरला लावलेली साडी होती. गाडीत सुरकुतेल म्हणून त्यांनी ती केव्हापासून तशी हातात धरली होती, कोण जाणे.

त्यांनी मॅडमना विचारलं, “झालं का मोजून?”

टोमणा नव्हता. साधं विचारलं होतं.

मॅडमनी त्यांच्याकडे पाहिलं. मग तेजरामकडे बोट करून टेंभरेला म्हणाल्या, या मुलाला आधी पाणी द्या.

नंतर कळलं ते असं. विजयसर दहा वाजल्यापासून इंजिनघरात येऊन विचारत होते. टेंभरे त्यांना भिंतीवरचा कागद दाखवत होता. अकरा वाजता टेंभरे स्वतःच म्हणाला होता, सर, ओढून घेऊ का? विजयसर म्हणाले होते, थांबा अजून थोडं. मोजणी मोडली तर ती मला आयुष्यभर ऐकवेल. साडेअकराला तेच म्हणाले. बारानंतर त्यांनी विचारणं बंद केलं आणि साडी घेऊन बाहेर येऊन उभे राहिले. खाली काही बिघडलं असेल, असं कोणाच्याच मनात आलं नाही. मोजणीपुढे मॅडमना मुलाखतीचं भान राहिलं नाही, हेच त्यांना ओळखणाऱ्या प्रत्येकाला जास्त खरं वाटत होतं.

गाडीतूनच मॅडमनी नागपूरला फोन लावला. तो लागला तेव्हा साडेचार वाजून गेले होते, निवड समिती उठली होती.

सोमवारी खाणीच्या फिटरने वर जाऊन पाहिलं. घंटीची तार कप्पीवरून उतरून सैल पडली होती. त्याने ती चढवली आणि घंटी वाजली. मॅडमनी व्यवस्थापकांकडे लेखी मागितलं की रविवारी सकाळपासून दुपारपर्यंत केज अडकली होती. व्यवस्थापकांनी त्यांना बसवलं, चहा दिला आणि सांगितलं की लेखी देता येणार नाही. केज अडकल्याची नोंद केली तर ती वर सुरक्षा खात्याकडे जाणार. मग घंटीवाला केजमध्ये का नव्हता, हा प्रश्न येणार. डोमाजीच्या निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. तोंडी ते काहीही मान्य करायला तयार होते.

संस्थेने मॅडमच्या फेरमुलाखतीच्या अर्जाला एका ओळीत उत्तर दिलं : उमेदवार स्वेच्छेने गैरहजर. निवड दुसऱ्या उमेदवाराची झाली होती. तो मुलगा वाईट नव्हता, चांगला शिकवतो असं ऐकलं. मॅडम जूनमध्ये पुन्हा तासिका तत्त्वावर रुजू झाल्या, आता त्याच्या हाताखाली.

आमचा आलेख त्या उन्हाळ्यात पूर्ण झाला. सिद्धांतातून काढलेली रेघ आणि तिच्याजवळून जाणारे आमचे बिंदू. प्रत्येक बिंदूला वर-खाली उभी दांडी, म्हणजे चूक किती असू शकेल ते. बहुतेक दांड्या लांब होत्या, कारण खाली आम्हाला तासाहून जास्त वेळ मिळायचा नाही. दीडशे मीटरची दांडी सगळ्यांत आखूड होती आणि बिंदू रेघेवर बसला होता. विद्यापीठाच्या संशोधन मेळाव्यात आमच्या पोस्टरला दुसरं बक्षीस मिळालं. संस्थेने तो आलेख आपल्या माहितीपत्रकात छापला, पान भरून, खाली आम्हा चौघांची नावं.

मॅडमनी दाद मागितली. आधी संस्थेकडे, मग विद्यापीठाकडे. तिथे काही हलेना तेव्हा कोर्टात. कोर्टाने विद्यापीठाला चौकशी समिती नेमायला सांगितली. तोपर्यंत करुणा बंगळूरला एका प्रयोगशाळेत लागली होती, तेजराम रेल्वेत, मी पुण्यात एका कंपनीत. सात वर्षांनी, गेल्या हिवाळ्यात, सुनावणी लागली. समितीचे अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश होते. साक्षीला आम्ही तिघंही नागपूरला गेलो. डोमाजीला बोलावणं गेलं होतं, तो आला नाही. खाणीकडून पत्र आलं होतं की त्या दिवशी केज अडकल्याची नोंद कार्यालयात नाही.

आत जाण्याआधी व्हरांड्यात मॅडमचे वकील त्यांना बाजूला घेऊन बोलले. बाजूला म्हणजे आमच्यापासून दोन पावलांवर, आम्हाला ऐकू येत होतं. ते म्हणाले, संस्थेकडे दुसरं काही नाही, एवढा आलेख आहे. ते म्हणणार की ज्या बाईने असं नेटकं काम केलं ती अडकलेली नव्हती, कामात रमली होती. तेव्हा तुम्ही म्हणा की तो आकडा घाबरलेल्या मनःस्थितीत घेतलेला आहे, त्यावर भरवसा ठेवता येत नाही.

“म्हणजे बिंदू काढून टाकू?” मॅडमनी विचारलं.

“काढून टाका म्हणत नाही. भरवसा नाही एवढंच म्हणा. कागदावरचा ठिपका आहे मॅडम.”

तेवढ्यात आतून पुकारा झाला.

आत आमच्या साक्षी आधी झाल्या. संस्थेच्या वकिलांनी आम्हा तिघांनाही एकच प्रश्न विचारला : तुम्ही यांचे विद्यार्थी ना? मॅडमनी दुसरी मोजणी का सुरू केली ते तेजरामने सांगितलं. मला भीती वाटत होती म्हणून, असं तो सरळ म्हणाला. अध्यक्षांनी ते लिहून घेतलं. वकिलांनी त्याला विचारलं, तुम्ही घाबरला होता आणि तरी एकही नोंद चुकली नाही? तेजराम म्हणाला, हाव, नाही चुकली.

मग त्यांनी माहितीपत्रकाचं ते पान मॅडमसमोर ठेवलं.

“हा आलेख तुमचा?”

“आमचा. चौघांचा.”

“यातला सगळ्यांत कमी चूक असलेला बिंदू कोणता?”

“दीडशे मीटरचा.”

“कशामुळे?”

“सगळ्यांत जास्त वेळ मोजला म्हणून.”

“त्या वेळात तुम्हाला बाहेर पडायचं होतं, असं तुमचं म्हणणं आहे. बाहेर पडायला धडपडणारा माणूस असं मोजतो?”

“बाहेर पडता येत नसेल तर मोजतो.”

“शिडी होती. एक विद्यार्थी चढायला तयार होता, असं त्याने आत्ताच सांगितलं. तुम्ही नाही म्हणालात.”

“हो.”

वकिलांनी पान थोडं पुढे सरकवलं. “मग एकच सांगा. या बिंदूवर तुमचा भरवसा आहे की नाही?”

मॅडमच्या वकिलांनी पेन खाली ठेवलं. मॅडम पानाकडे बघत होत्या. मागच्या खुर्चीवर विजयसर होते, त्यांनी मान वर केली नाही. करुणाने माझा मनगटाजवळचा शर्ट धरला होता. अध्यक्षांनी, घाई नाही, असं म्हटलं.

“आहे,” मॅडम म्हणाल्या.

संस्थेच्या वकिलांनी आभार मानले आणि ते खाली बसले.

बाहेर आल्यावर मॅडमचे वकील आमच्याशी न बोलता जिना उतरून गेले. विजयसरांनी सगळ्यांसाठी रसवंतीवर उसाचा रस सांगितला. तिथे उभ्या उभ्या मॅडमनी करुणाला विचारलं की तिच्या प्रयोगशाळेत पाट्यांना गुंडाळायला आता कोणता कागद वापरतात. करुणा सांगत होती आणि रडत होती. मॅडमनी तिला मधेच थांबवून कागदाची जाडी पुन्हा सांगायला लावली.

समितीचा अहवाल मार्चमध्ये विद्यापीठाकडे गेला. व्यवस्थापन परिषदेच्या विषयपत्रिकेवर तो दोनदा आला आणि दोनदा पुढच्या बैठकीवर ढकलला गेला. त्यात काय आहे ते अजून कोणाला सांगण्यात आलेलं नाही. तासिका तत्त्वावरच्या जागांची यंदाची जाहिरात गेल्या आठवड्यात लागली. तेजरामने कॉलेजात फोन करून चौकशी केली. फिजिक्ससाठी आतापर्यंत तीन अर्ज आले आहेत, त्यांपैकी एक लांजेवार मॅडमचा आहे.